दुपारीच सुटणारा रोजा

रत्नागिरीकडच्या माणसाला लाकूड कळतं, असा आमच्या अरबाबचा, म्हणजे कुवेती मालकाचा, ठाम समज होता. मी त्याच्या वखारीत इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. फळ्यांतलं मला चारचौघांइतकंच कळायचं. तरी साठच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्याने मला फिनलंडच्या पार उत्तरेला धाडलं. तिथला समुद्र गोठलेला होता. बर्फ फुटून बोटी सुटायच्या आत आमचा माल पाहून यायचा होता.

नेमका रमजान चालू होता. प्रवाशाला रोजा माफ असतो. कुवेतमधल्या हवल्ली भागातल्या आमच्या खोलीत बायको पोटुशी होती, तिलाही माफ. पण निघताना मला मोठेपणा सुचला. "मी काही रोजे सोडायचा नाही," असं मी तिला सांगितलं.

ती माझी बॅग भरत होती. म्हणाली, "तुमी बर्फात उपाशी, नि मी हितं जेवू?"

तिनेही रोजे धरले. मी तिला अडवायला हवं होतं. उलट मला बरंच वाटलं.

लाकडाच्या गिरणीतल्या पाहुण्यांच्या खोलीत पहिल्या सकाळी उठलो तर बाहेर मिट्ट काळोख. नाश्ता झाला, कॉफी झाली, आणखी एकदा कॉफी झाली, तरी सूर्याचा पत्ता नाही. पहाट फुटली की रोजा सुरू होतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण इथे बर्फाच्या उजेडात पहाट कुठली नि रात्र कुठली कळतच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि सूर्य दिसेपर्यंत खात राहिलो. दुपारच्या सुमाराला तो झाडांच्या शेंड्यांवर आला आणि मी फळ्यांच्या दोन थप्प्या तपासेपर्यंत बुडालासुद्धा. मी लगेच खिशातला खजूर तोंडात टाकला. झाला रोजा!

घड्याळ मी कुवेतच्या वेळेवरच ठेवलं होतं. माशाचं गरम सूप ओरपताना त्याच्याकडे नजर गेली. हवल्लीत मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या बांगेला अजून बराच अवकाश होता. चमचा खाली ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळच काढून बॅगेत टाकलं आणि आठवडाभर असाच जेवत राहिलो. लाज वाटायची, पण भूकही लागायची.

परतलो तेव्हा ती दारात उभी होती. चेहरा ओढलेला, गळ्याची हाडं वर आलेली. डॉक्टरने खायला बजावलं होतं, शेजारणीने हातापाया पडून पाहिलं होतं. संध्याकाळी तिने खजुरांची बशी आधी माझ्यापुढे सरकवली.

"किती हाल झाले असतील तुमचे," ती म्हणाली.

मी बशी तिच्याकडे परत सरकवली. मी सगळं सांगून टाकलं, तो सूर्य, ते सूप, ते घड्याळ. ती चिडली असती तर मी सुटलो असतो.

"थंडी तर होती ना," एवढंच ती म्हणाली.

मुलगी उन्हाळ्याच्या तोंडाला झाली, अगदीच किरकोळ वजनाची. कारणं बरीच असू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. मी मात्र एकच धरून बसलो.

ते रोजे भरून काढायचं मी ठरवलं, तेही मुद्दाम कुवेतच्या भर उन्हाळ्यात, दिवस सरता सरत नाही तेव्हा. म्हटलं, आता कळू दे मला. पहिल्याच दिवशी दुपारी वखारीतून घरी आलो. घशाला कोरड पडली होती आणि खरं सांगायचं तर मनाला जरा हलकं वाटत होतं. आत तिचं ताट झाकून तसंच ठेवलेलं. मुलगी छातीशी लागून रडत होती, दूध पुरत नव्हतं.

"जेवली नाहीस?"

"तुमी उपाशी, नि मी जेवू?"

मी ताटावरचं झाकण काढलं, भात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. मग ती जेवायला बसली.