आधी गायकवाडची सही

साहेब स्कूटर सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत. चाकं दाबून बघत, ब्रेकची वायर ओढून बघत, मगच बसत. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीतली मुलं हसायची. ज्या माणसानं लढाईत शत्रूची विमानं पाडली, त्याला हसण्याची कसली पर्वा?

मी सातपूरचा पेंटर. साहेब नंबरप्लेट रंगवायला आले आणि नंतर येतच राहिले. लढाईचं विचारलं की गायकवाडबद्दलच बोलत. गायकवाड म्हणजे त्यांच्या नॅट विमानाचा मेकॅनिक, निफाडकडचा. "उड्डाणाआधी विमानाच्या वहीत आधी त्याची सही, मग खाली माझी. त्याची सही नसेल तर विमान जागचं हलायचं नाही," साहेब सांगत. "विमान त्याचं हो. मी आपला तासाभरापुरता मागून न्यायचो." गायकवाडनं चाकाच्या झाकणाला आतून बारीक अक्षरांत आपलं नाव रंगवलं होतं. उड्डाणाआधीच्या फेरीत साहेब त्या नावावर हात ठेवत, मग शिडी चढत.

तेच विमान पुढे आमच्या एका चौकात चौथऱ्यावर आलं. सुशोभीकरण समितीनं रंगकाम मला दिलं. "एक डाग दिसता कामा नये," अशी ताकीद. गायकवाडबद्दल इतकं ऐकलेला मी, आणि ते नाव माझ्याच पॉलिशपेपरखाली गेलं. धुळीत अक्षरं दिसली नाहीत, असं मी सांगत असतो. खरं म्हणजे मी बघितलंच नाही.

गायकवाड जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. उद्घाटनाला साहेबांनी त्याच्या बायकोला मुद्दाम बोलावलं, नाव दाखवायला. फेरी मारत ते झाकणापाशी वाकले, हात फिरवला आणि तसेच थांबले. मावशींना कळलं. "ऱ्हाऊ द्या साहेब, नाय तर नाय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी फीत कापायला साफ नकार दिला. "आधी नाव लिहा." तर समितीचे अध्यक्ष हसून म्हणतात, "साहेब, मेकॅनिकचं नाव कोण वाचणार? लोक तुमच्यासाठी आलेत." अरे, वाचणारी बाई समोर उभी होती! तिला बसायला साधी खुर्ची कुणी दिली नव्हती. शेवटी फीत अध्यक्षांनीच कापली. साहेब मावशींना एसटीत बसवून आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ब्रश घेऊन गेलो, तर समितीचे लोक म्हणे लेखी परवानगी लागेल. पुसायला नव्हती लागली! साहेब अर्ज करत राहिले, ही मंडळी "बघू" म्हणत राहिली. गेल्या महिन्यात साहेब गेले.

आता त्याच अध्यक्षांना उमाळा आलाय. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागलाय. त्यात साहेबांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, अध्यक्षांचा दाराएवढा. मला फोन आला, "विमानावर साहेबांचं नाव टाका. मोठ्ठं. रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

काल सकाळी गेलो. आधी विमानाभोवती एक फेरी मारली. मग दोन नावं लिहिली, सारख्याच उंचीच्या अक्षरांत. वर गायकवाड, खाली साहेब.

दुपारी पुन्हा फोन. "वरचं कुणाचं? पुसा ते!"

मी म्हणालो, "त्याची सही झाल्याशिवाय साहेब विमानात बसत नसत. पुसायचं तर तुम्ही या. मावशी इथंच आहेत, चौथऱ्यासमोर. मी खुर्ची दिलीय त्यांना."