खारक्याला वास का येतो

मखमलाबादच्या मळ्यांत एके काळी कलाबाईच्या नाकाचा मोठा बोलबाला होता. तिचं माहेर घोटीचं, भाताच्या पट्ट्यातलं. मूठभर तांदूळ नाकाशी धरला की तो नवा की जुना हे तिथल्या पोरीबाळींनाही कळतं, त्यात कौतुक कसलं, असं ती स्वतः म्हणायची. पण सासरी त्याचं कौतुकच झालं. नवरा देवराम फुलशेतीवाला. मोगरा, गुलछडी आणि कडेला थोडी शेवंती. नाशिकच्या फूलबाजारात पाट्या उतरवता उतरवता तो चारचौघांना ऐकवायचा, "आमच्या मंडळींचं नाक म्हंजे काय सांगू! डोळ्याला फडकं बांधा, फूल काल तोडलंय का आज, ते सांगंल." गावात लग्न निघालं की तुपाचा डबा आधी कलाबाईपुढे यायचा. ती झाकण काढून डोळे मिटायची आणि आचारी बिचारा परीक्षेला बसल्यासारखा समोर उभा राहायचा.

त्र्याण्णव सालच्या थंडीत तिला ताप आला. चांगला मुरलेला, हाडांत शिरलेला ताप. तो उतरला, हातापायांत बळ आलं, उन्हाळा लागला आणि मोगऱ्याला बहर आला. एका पहाटे ती कळ्या खुडायला वाफ्यात उतरली आणि मध्येच थांबली. समोर सगळं पांढरंशुभ्र फुललं होतं, पण मोगरा अगदी गप्प होता. तिला वाटलं, यंदा फुलातच दम नाही. पुढे एकदा चुलीवर डाळ करपून पार कोळसा झाली, तेव्हा कलाबाई तिथंच हातभर अंतरावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. त्या दिवशी तिला खरं काय ते कळलं.

ती कुणाला बोलली नाही. वास न येणारी फुलवाली म्हणजे बाजाराला आयतीच गंमत, हे एक झालं. दुसरं आणि खरं कारण देवराम. नाक तिचं होतं, पण ताठा त्याचा होता, आणि तो मोडायला तिचं मन धजेना. मग ती डोळ्यांनी आणि बोटांनी निभावून नेऊ लागली. तुपानं कणी कशी धरलीय ते बघायची, पाकळीची कड चिमटीत दाबायची आणि मान डोलवायची. सगळे नाक मुरडत तेव्हा आपणही मुरडायची, फक्त निमिषभर उशिरा. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणसं एकमेकांकडे तेवढं बघतात कुठे!

वास आता फक्त झोपेत यायचे. घोटीच्या घरातल्या पातेल्याचं झाकण सरकायचं आणि वाफाळत्या भाताचा वास तिच्या अंगावरून जायचा. ओल्या गोणपाटाचा यायचा, आईच्या केसांतल्या तेलाचा यायचा. जाग आली तरी ती डोळे उघडायची नाही, श्वास हळू घ्यायची, पण वास चाहूल लागलेल्या चिमणीसारखा उडून जायचा. मग दिवसभर ती थोडी स्वप्नातच वावरायची. मळा दिसायचा, पाटाचं पाणी ऐकू यायचं, पण सगळं काचेपलीकडे असल्यासारखं. तिचा ज्ञानेश लहानपणी शाळेतून आला की ती त्याच्या डोक्याला नाक लावायची. आता तो बाप्या माणूस झाला, शेजारी जेवायला बसायचा, आणि तिला वाटायचं, आपलं पोर आपल्याला अर्धंच भेटतंय. या विचारानं तिला फार एकटं वाटायचं.

अशात खारक्या आला. दोन हजार सालची दिवाळी होऊन गेली होती. शेवंतीच्या वाफ्यात वाळलेल्या खारकेच्या रंगाचं एक गावठी पिल्लू झोपलं होतं. मानेभोवती केसांचं एवढं जंगल की तोंड शोधावं लागे. कलाबाईचा त्याच्यावर जीव जडला. माणसांचे, फुलांचे वास तिनं गमावले होते. याचा वास तिनं कधी घेतलाच नव्हता, त्यामुळे याच्यातलं काही हरवलेलं नव्हतं. तो तिला होता तेवढा सगळा भेटला. पहाटे तो तिच्यामागून मोगऱ्याच्या ओळींतून चालायचा आणि दुपारी ती गजरे ओवायला बसली की मांडीवर हनुवटी टेकून झोपी जायचा. सुई-दोरा चालायचा, कुत्रा घोरायचा आणि कलाबाईचे डोळेही पेंगुळायचे. त्या दुपारी तिला काचेची आठवण होत नसे.

पुढच्या श्रावणात घरात कुरकुर सुरू झाली. खारक्याला वास येतो म्हणे. देवराम म्हणाला, मेल्या उंदरासारखा. ज्ञानेश म्हणाला, सडक्या कांद्यासारखा. शेजारच्या मंगलाबाईंनी लांबूनच सांगितलं, "कुठंतरी घाणीत लोळून येतोय मुडदा." कलाबाईनंही नाक मुरडलं. मग उपाय झाले. नाक दाबून वरवर रिठ्यानं धुतला, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतला, ज्ञानेशनं पाटात नेऊन चांगला बुचकळला. वास जरा कमी व्हायचा, पुन्हा उठायचा. लोळू नये म्हणून पोटाला दोरी घालून बांधून ठेवला, तरी वास आपला आहेच. कलाबाई मात्र वेगळ्याच कोड्यात पडली होती. घरचे वासाला वैतागले होते आणि तिला त्या वासाचा पत्ताच नव्हता.

त्यात सून दीपमाला, नांदगावची पोर, गरोदर. तिसरा महिना. तिचं नाक असं तिखट झालं होतं की बांधावरून जाणाऱ्याच्या खिशातली तंबाखूसुद्धा तिला ओळखू यायची. खारक्या अंगणात आला की ती पदर तोंडाला लावून न्हाणीघराकडे धावायची. पोटात घास ठरेना. डोळे खोल गेले. तिचा काही दोष नव्हता, आणि कुत्र्याचाही नव्हता.

शेवटी देवराम बोलला, "सकाळी टेम्पो घोटीला जातोय, तांदूळ आणायला. खारक्याला तिथल्या गिरणीवाल्या केरूकडे सोडून येतो. खाऊन-पिऊन राहील. पोरीचा जीव महत्त्वाचा हाय."

त्याला नाही म्हणायला जागा नव्हती. कलाबाईनं मान हलवली. संध्याकाळभर तिच्या डोळ्यांपुढे घोटीची गिरणी तरळत राहिली: पांढरा धुरळा, कोंड्याचे ढीग, ऊन ऊन तांदळाचा वास, आणि त्यात एका कोपऱ्यात बसून तिची वाट बघणारा खारक्या.

सकाळी टेम्पो दारात लागला. देवराम दोरी आणायला आत गेला. दीपमाला ओट्याच्या पार टोकाला बसली होती. कलाबाई तिच्याजवळ गेली.

"दीपमाला, एवढं सांग. वास याच्या तोंडातून येतोय का कानातून?"

"आत्या, नका ना विचारू. नुसत्या नावानं मळमळतंय." मग तिनं सासूकडे नवलानं बघितलं. "तुम्हाला नाही कळत? तुम्ही तर केवढ्या जवळ जाता त्याच्या."

कलाबाईनं टेम्पोकडे बघितलं. खारक्या शेपटी हलवत टेम्पोच्या चाकाशी बसला होता, कुठंतरी फिरायला निघाल्यासारखा.

"मला वासच येत नाय गं," ती म्हणाली. "त्या तापापासनं. फुलाचा नाय, तुपाचा नाय, कशाचाच नाय. याचं काय दुखतंय ते मला कळायचं नाय. तूच माझं नाक हो जरा."

मागे दोरी घेऊन देवराम उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. कलाबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. आता काम होतं.

तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या. एक खारक्याच्या तोंडात फिरवली, एक कानात, एक पंजांच्या बेचक्यांत, एक शेपटीखाली. एकेक चिंधी काडीला अडकवून तिनं दीपमालापुढे धरली. दीपमाला पदर बाजूला करून चिमूटभर वास घ्यायची आणि निकाल द्यायची. तोंडाला कुत्र्याचाच वास, जास्त नाही. कानाला काही नाही. पंजांना चिखलाचा. शेपटीखालच्या चिंधीला तिनं हात जोडले, पण म्हणाली, "हा नव्हे आत्या, हा वेगळा." ज्या नाकापायी खारक्याला घर सोडावं लागत होतं, तेच नाक आता त्याच्यासाठी राबत होतं. पाचवी चिंधी कलाबाईनं मानेच्या केसांत खोल घालून फिरवली. ती पुढे येते न येते तोच दीपमाला उठली आणि न्हाणीघराकडे पळाली. उत्तर मिळालं.

घरातलं माणूस जिथं हातभर जवळ जायला तयार नव्हतं, तिथं कलाबाई तोंड खुपसून बसली. देवानं नाक नेलं ते या कामापुरतं तरी बरं केलं. ती केस एकेक करून बाजूला सारत गेली. बोटांना एक खाच लागली, गळ्याभोवती गोल गेलेली, ओली. खारक्या कण्हला, पण त्यानं दात लावला नाही. खाचेत तळाशी काळा दोरा होता. नायलॉनचा. पिल्लू एवढं गोजिरं, कुणाची नजर लागायला नको म्हणून तिनंच तो बांधला होता. पिल्लू वाढलं, मान वाढली, केस वाढले, दोरा तेवढाच राहिला. तो कातडीत रुतून आत जखम सडत होती, आणि खारक्या रोज तीच मान तिच्या मांडीवर टेकत होता.

"अहो," ती ओरडली, "माझ्याच हातानं झालं हो हे!"

देवरामनं दोरी टाकून दिली. खारक्याला उचलून टेम्पोत ठेवलं, कलाबाईला शेजारी बसवलं आणि टेम्पोवाल्याला घोटीचा रस्ता सोडून सरळ नाशिकला जनावरांच्या दवाखान्यात घ्यायला लावलं. डॉक्टरांनी दोरा कापला, जखम धुतली, सुई टोचली, मलम दिलं. येताना देवराम खारक्याच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. बायकोशी तो एक शब्द बोलला नाही.

पुढेही बोलला नाही. जेवण वाढ, पाणी दे, एवढंच. दीपमालाला घास जाऊ लागला, खारक्या पुन्हा अंगणात हुंदडू लागला, पण कलाबाईला घर कसं पोकळ पोकळ वाटत होतं. बाजारात त्याची फजिती होणार, या माणसाला आपण फसवलं, हेच तिच्या मनात घोळायचं. शेवटी तिनंच विषय काढला.

"तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून बोलले नाय. चुकलंच माझं."

"बाजार गेला खड्ड्यात," देवराम म्हणाला. "मी तुझ्या नाकाचा डांगोरा पिटत हिंडलो, अन् तू इतकी वरसं एकलीच. मला एकदा सांगू वाटलं नाय तुला?" आणि तो मळ्याकडे निघून गेला.

जखमेवर केस उगवायला लागले त्या सुमाराची दुपार. कलाबाई गजरे ओवत होती, खारक्या मांडीवर होता, ऊन आणि सावली एकमेकांत मिसळून सगळं पेंगुळलं होतं. देवराम आला आणि काही न बोलता उकिडवा बसला. त्यानं कुत्र्याच्या मानेत नाक खुपसलं. कलाबाईचा हात थांबला.

"येतोय का अजून वास?"

"येतोय."

"कसला हो?"

देवरामला असलं बोलायची सवय नव्हती. त्यानं पुन्हा एक मोठा श्वास घेतला, डोळे मिटून, शब्द शोधत. "मोगऱ्याचा. जरा चुलीच्या धुराचा. अन् गजऱ्याच्या भिजल्या दोऱ्याचा." मग त्यानं तिचा ओला हात उचलला आणि आपल्या नाकाशी धरला. "तुझाच हाय की हा. रोज हात फिरवतीस ना त्याच्यावर, तुझाच वास लागलाय त्याला."

कलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. आपल्याला स्वतःचा वास असेल, तो आपल्या हातून घरभर, माणसांना, या मुक्या जनावरालाही लागत असेल, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते तिनं पुसलं नाही.

"आणखी सांगा," ती म्हणाली.

आणि देवराम तिथंच मातीत मांडी घालून बसला आणि सांगू लागला.