स्वतःशी बोलणारा मोडेम

मुलांनो, तुमच्या ईमेल यायच्या थांबल्या, म्हणून मी जालन्याच्या टेलिफोन कचेरीत गेले होते. रांगेत माझ्यापुढे, मस्तगडात इंटरनेटचं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलंच.

"मोडेम खराब झालाय, नवा घ्या," टेबलामागचे साहेब त्यांना म्हणाले.

बाईंनी पिशवीतून मोडेम काढला, साहेबांच्या पंख्याचा प्लग उपटून तिथे लावला आणि टेस्टचं बटण दाबून धरलं. हिरवा दिवा लागला.

"बघा, सोताच बोलून राह्यला, सोताच ऐकून राह्यला. याचं तोंड बराबर, कान बराबर. खोट तुमच्या तारेत हाय."

"उद्या बघू."

"मंग उद्यापर्यंत मी इथंच. दुकान तसंबी बंदच हाय." त्या खुर्ची ओढून बसल्या.

घाम पुसत साहेबांनी मला विचारलं, "तुमचं काय, मॅडम?"

"तेच," म्हणत मी शेजारची खुर्ची ओढली.