बदकाच्या तळव्यावर बिब्बा

परंड्याच्या कचेरीत मी हंगामी कारकून होतो. कायम होण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी थांबलेला. नेमके तेव्हाच साहेब महिनाभर रजेवर निघाले आणि बाईसाहेबांनी आपली दोन बदकं माझ्या हवाली केली. "जिवापाड जपा," म्हणाल्या. मी मान डोलावली. बदक म्हणजे कशाशी खातात, हेही मला ठाऊक नव्हतं.

घाण नको म्हणून घरी आणून त्यांना अंगणातल्या फरशीवर ठेवलं, पाण्याला एक घमेलं. पंधरवड्यात पांढरी मादी लंगडू लागली. उचलून पाहिलं तर तळव्याच्या मधोमध सूज, वर काळी टणक खपली. तिला तशीच उचलून मी आईकडं धावलो.

आई म्हणाली, "एवढं काय भ्यायचं? माझ्या टाचंला भेग पडली की म्या काय करते?" तिनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला. मादी माझ्या हातात होती. गरम तेलाचा थेंब तळव्यावर पडला आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली. तरी मी सोडली नाही.

सकाळी पाय दुप्पट सुजलेला, बोटांमधल्या कातडीवर पाण्यानं भरलेले फोड. बिब्बा उतला होता. ती दाण्याला तोंड लावेना. मी भ्यालो, खरंच भ्यालो. बदक मरणार, सही राहणार, आईला घेऊन गावी परत जावं लागणार, एवढंच डोळ्यांपुढं दिसत होतं. टोपलीत झाकून तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं, तेही मागच्या गल्लीनं.

तिथल्या कंपाउंडरनं तळवा पाहिला. "फरशीवर ठिवलं व्हय? ह्याला चिखल लागतो, पाणी लागतं. सूज फरशीनं दिली, अन् फोड तुमी."

मग रोज कोमट पाण्यानं पाय धुवायचा, खोबरेल लावायचं, खाली ओलं गवत अंथरायचं. हात लावला की ती ओरडे, आणि साहेब लवकर तर परतले नाहीत ना, या धास्तीनं मी दाराकडं बघे. हळूहळू फोड जिरले, खपली पडली. लंगडणं मात्र कायम राहिलं.

बाईसाहेब बदकं न्यायला आल्या. मी दाणे पुढं केले, तशी मादी किंचाळत त्यांच्या पदराआड शिरली.

"तुम्ही मारत होतात का हो हिला?"

"नाही," म्हणालो. बिब्ब्याचं सांगायला जीभ रेटली नाही.

सही झाली. पुढं कागद घेऊन साहेबांच्या बंगल्यावर कितीदा तरी गेलो. माझ्या वहाणा वाजल्या की ती मादी लंगडत वेलामागं पळायची, आणि मी फाटकातच उभा राहायचो.