अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून

कोर्टात सगळे त्यांना पेशकार म्हणत, आणि बायको चिडली की घरीही तेच नाव चाले. काझीसाहेबांपुढे कागद ठेवायचे, साक्षीदारांना हाका मारायच्या, निकाल उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं इमानेइतबारे खर्डेघाशी केली. निकाह, तलाक, वारसा, मुलांचा ताबा, कुठलं प्रकरण कुठल्या वहीत कितव्या पानावर आहे ते त्यांना तोंडपाठ. वकील म्हणत, "कपाटाला कुलूप कशाला लावता? पेशकारांनाच लावा."

तेव्हा शरियतचा कायदा एका पुस्तकात नव्हता. तो शंभर पुस्तकांत होता आणि त्यातली निम्मी एकमेकांशी भांडत. नवरा बेपत्ता झाला तर बायकोने किती थांबायचं? एक जुना पंडित म्हणे, नवऱ्याच्या वयाची माणसं हयात आहेत तोवर. दुसरा म्हणे, चार वर्षं पुरेत. काझीसाहेब समोरच्या बाईचं ऐकून घेत आणि मग या मताचा नाहीतर त्या मताचा आधार घेत. एखादी तासाभरात मोकळी होई, एखादी उंबरठे झिजवत म्हातारी होई.

मग सरकारने ठरवलं की हे सगळं कलमवार लिहून काढायचं. दोन मौलाना, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वकीलबाई अशी समिती बसली. जुन्या निकालांची माहिती द्यायला पेशकारांना बोलावलं. खुर्ची मिळाली, पण भिंतीलगतची.

बेपत्ता नवऱ्याच्या कलमात चार वर्षांवर एकमत झालं, घोडं अडलं ते मोजणीवर. चार वर्षं कधीपासून धरायची? मौलाना म्हणाले, काझीसमोर तक्रार आल्यापासून. वकीलबाई म्हणाल्या, माणूस गेला त्या दिवसापासून. तीन बैठका त्यातच गेल्या. शेवटी न्यायाधीश कंटाळून भिंतीकडे वळले.

"पेशकार, तुम्ही उभा जन्म तिथे काढलात. तुमचं काय म्हणणं?"

पेशकारांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. उठून म्हणाले, "साहेब, माणूस गेल्याची तारीख कधीच धड ठरत नाही. सासू म्हणते उन्हाळ्यात गेला, दीर म्हणतो धाकटीच्या बाळंतपणानंतर. साक्षीदारांच्या हमरीतुमरीत दिवस जातो. अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून, असं लिहा. त्यावर शिक्का असतो. शिक्क्याशी कोण भांडणार?"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली, पण पुढचं कलम वाट बघत होतं. वाक्य जसंच्या तसं मसुद्यात गेलं. घरी येऊन पेशकारांनी बायकोला तीनदा सांगितलं की कायद्यात एक ओळ माझी आहे.

तेव्हा त्यांचा जावई नाहीसा होऊन पाच महिने झाले होते. हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

जावई वेल्डर होता. दूरच्या बंदरावर कामाला गेला, दोन महिने त्याचे फोन आले, मग तेही बंद. ठेकेदाराने हात वर केले. मुलगी माहेरी आली आणि महिनाभराने बापाला म्हणाली, "अब्बा, अर्ज तरी देऊन ठेवू या."

"वेडी आहेस का? मी तिथेच बसतो. उद्या पेशकाराचाच जावई पळाला म्हणून चार लोक हसतील. येईल तो."

तो आला नाही. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. काचा घासून चौकटीत बसवायला शिकली. तिथे डोळे तपासणारा एक माणूस होता, बायको वारलेला, कमी बोलणारा. नवरा नाहीसा होऊन चार वर्षं उलटून तीन महिने झाले, तेव्हा त्याने तिला सरळ विचारलं. तिनेही घरी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"चार वर्षं तर झाली ना, अब्बा? तुमच्याच कायद्यात चार वर्षं आहेत."

संहिता लागू होऊन तीन वर्षं झाली होती आणि काझीच्या खुर्चीवर आता तरुण न्यायाधीश होते. कलमातला शब्द न् शब्द पेशकारांना पाठ होता. मुलीने अर्ज केलेलाच नव्हता. तिची चार वर्षं अजून सुरूच झाली नव्हती.

तिला काही न सांगता ते निवृत्त काझीसाहेबांच्या घरी गेले. म्हातारा माणूस खिडकीशी बसला होता, नजर अधू झालेली.

"तुम्ही असतात तर सोडवलं असतंत," पेशकार म्हणाले.

"कदाचित. तुझी मुलगी म्हणून. ती शिंपीण आठवते? तिचा भाऊ माझ्याशी उर्मटपणे बोलला म्हणून मी तिला अकरा वर्षं लटकवली. पुस्तकात आधार शोधला, सापडला. मला जाब विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून तर संहिता आली. आता माझ्याकडे रडून काय उपयोग?"

पेशकार परतले ते वाईट विचार घेऊनच. बेपत्तांच्या अर्जांची जुनी वही त्यांच्याच ताब्यात होती. मुलीने अर्जाचं विचारलं होतं त्या महिन्याच्या पानावर खाली एक ओळ रिकामी होती. जेवणाच्या सुट्टीत खोली मोकळी झाली तशी त्यांनी वही काढली. अठ्ठावीस वर्षांत एक खाडाखोड न केलेल्या हाताने मुलीचं नाव लिहिलं, तारीख टाकली. मग नक्कल काढली, तिच्यावर शिक्का मारला आणि ती खिशात घालून घरी आले.

मुलगी कागद वाचत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"ही तारीख? या महिन्यात मी तुमच्या पाया पडत होते, कोर्टात न्या म्हणून. तुम्ही नेलंत?"

"बेटा, कलमात असं आहे की अर्ज दाखल झाल्यापासून..."

"हे असलं कलम लिहिलं तरी कुणी?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मुलीला ते कळायला वेळ लागला नाही.

"माझा माणूस नाहीसा झालेला तुम्हाला माहीत होता. मी याच घरात होते. तरी लिहिलंत?"

"डोक्यातच आलं नाही गं." एवढंच खरं होतं आणि तेवढंच त्यांना बोलता आलं.

तिने कागदाचे तुकडे केले. "खोट्या तारखेवर मी निकाह करायचा? उद्या कुणी वही उघडली तर मी कुणाची बायको ठरणार? माझा अर्ज मी करीन. उद्याच्या तारखेचा."

दुसऱ्या दिवशी ती एकटी कोर्टात गेली. तिचा अर्ज पेशकारांनीच घेतला, शिक्का मारला. ती गेल्यावर ते वही घेऊन तरुण न्यायाधीशांपुढे उभे राहिले आणि ती ओळ दाखवली. न्यायाधीशांनी दोनदा वाचली.

"पेशकार, मला हे कुणीही सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

"म्हणून मीच सांगतोय, साहेब."

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना त्यांना घरी पाठवण्यात आलं. फौजदारी झाली नाही, एवढी मेहेरबानी. गल्लीत कुजबुज झाली. ज्या हसण्याला भिऊन त्यांनी मुलीला अडवलं होतं, ते आता समोरासमोर ऐकायला मिळालं.

घरी बसून ते दुरुस्तीचे अर्ज लिहू लागले. समिती केव्हाच बरखास्त झाली होती. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पोच दिली. वकीलबाई मात्र भेटल्या. म्हणाल्या, "मी तेव्हाच हटून बसायला हवं होतं. या कलमात अडकलेल्या बायका मिळतील का? नुसत्या कागदाने कुणी हलत नाही." पत्ते पेशकारांच्या डोक्यात होतेच. बायकांकडे मात्र मुलगी गेली, सुट्टीच्या दिवशी, दारोदार. बाप यादी लिहून टेबलावर ठेवी आणि ती उचलून नेई. दोघांत तेवढाच व्यवहार उरला होता. एकोणीस बायका झाल्या. त्यातल्या सात जणींना त्यांच्या वडिलांनी किंवा भावांनी "थांब, येईल" असंच सांगितलं होतं.

डोळे तपासणारा माणूस दोन वर्षं थांबला. मग त्याच्या म्हाताऱ्या आईने अंथरूण धरलं, आणि त्याने दुसरीकडे लग्न केलं. त्याने दुकान सोडलं तेव्हा मुलीने त्याला चांगल्या तोंडाने निरोप दिला. घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या वर्षी दुरुस्ती झाली. शेवटची खबर मिळाल्याच्या दिवसापासून मोजायचं, आणि तो दिवस साक्षीने ठरवायचा. प्रलंबित अर्जांनाही ते लागू झालं. मुलीचा निकाल पंधरा मिनिटांत लागला. त्याच दिवशी पुढच्या प्रकरणात सासू आणि दीर तारखेवरून हातघाईवर आले आणि ती बाई रडत बाहेर आली. पेशकार मागच्या बाकावर बसून हे बघत होते. कुठला शब्द घातला असता तर हिचंही भागलं असतं, ते त्यांना सुचेना.

बाहेर मुलगी निकालाची नक्कल घडी करून पिशवीत ठेवत होती.

"चला अब्बा," ती म्हणाली. "मला दुकानात उशीर होतोय."

ती पुढे चालू लागली. ते चार पावलं मागे राहिले.