शकूमावशी आणि समुद्राची धूळ

शकूमावशीचं धुळीशी हाडवैर. भिवपुरीजवळच्या तिच्या गावात वीटभट्ट्या पेटलेल्या, रस्त्यावरून डंपरची ये-जा अखंड. तरी तिच्या ओट्यावर बोट फिरवा, बोट कोरं परत येईल. लोकांच्या घरी गेली की मावशी स्वतःच बोट फिरवून बघायची. शेजारच्या जनीच्या खिडकीवर तर तिने धुळीत बोटाने स्वतःचं नाव लिहून दाखवलं, तेही पाहुण्यांदेखत. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं.

अशा बाईच्या गच्चीवर धूळ गोळा करायचं भांडं ठेवायची बुद्धी निवेदिताला झाली. निवेदिता कर्जतच्या मास्तरांची मुलगी, मुंबईत संशोधन करते. तिला चारी बाजूंनी मोकळी गच्ची हवी होती आणि तशा गच्च्या गावात दोनच, मावशीची आणि जनीची. पौष लागताच तिने तिवईवर एक उभट पांढरं भांडं बसवलं.

"मावशी, महिनाभर याला कोणी हात लावायचा नाही."

"काय पडणार हाय यात?"

"धूळ."

पोरगी थट्टा करते असं मावशीला वाटलं. मग निवेदिताने समजावलं. थंडीत वारा घाटावरून उतरतो आणि आपली धूळ, भट्टीचा धूर, जाळलेल्या पाल्याची काजळी घेऊन पार समुद्रावर जातो. वाटेत थोडं इथे पडतं, बाकीचं तिथे पाण्यावर. त्यात नत्र असतं, स्फुरद असतं, लोह असतं. भाताला खत लागतं तसं ते समुद्रातल्या बारीक वनस्पतींना लागतं. धुरातला कार्बन तिथले जिवाणू खातात. त्यांच्यावर बारीक जीव जगतात आणि त्या जिवांवर मासे.

"म्हंजे आमच्या धुळीवर बांगडा पोसतो?"

"थोडाफार."

बांगड्याचं नाव निघाल्यावर मावशीला शास्त्र पटलं. राखण करायचा तिने शब्द दिला.

आठवडाभर तिने तो पाळला. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं, आणि ते दरवर्षी तिच्या गच्चीवरच व्हायचं. सकाळी तिने भांड्यात डोकावून पाहिलं. बुडाला करडा थर साचलेला. गावच्या सगळ्या बायका हे बघणार, आणि जनी तर डोळे भरून बघणार. उभ्या जन्मात कमावलेलं नाव एका भांड्यापायी जायचं म्हणजे काय? मावशीने चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि भांडं असं घासलं की दुधाने लाजावं. पुढे रोज आंघोळीआधी त्यावर एक हात फिरू लागला.

महिन्याने निवेदिता आली. भांड्यात बघून तिचा चेहरा उतरला.

"मावशी, यात काहीच नाही."

"असंल कसं? रोज राखंनं घासतेय मी," मावशी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

निवेदिता मट्कन खाली बसली. जे मोजायचं ते घासून गेलं होतं, आणि राखेतही तेच स्फुरद, तेच लोह असल्यामुळे भांडंही वाया गेलं होतं. होळीनंतर वारा समुद्राकडून यायला लागतो. आता हा एकच महिना उरला होता. तो हुकला की वर्षाच्या मेहनतीवर पाणी. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मावशीच्या हातून एवढं नुकसान कधी झालं नव्हतं, आणि झालं तेही भांडं घासून.

"गाडीत दुसरं भांडं आहे," निवेदिता म्हणाली. "पण या वेळी..."

"नाय गं बाय. शपथ घेते, बोट सुदिक..." मावशी बोलता बोलता थांबली. तिचा उजवा हात पदराने तिवई पुसत होता. तिने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"हितं नको ठेवू," ती म्हणाली.

नवं भांडं घेऊन ती स्वतः जनीच्या जिन्याने वर गेली. मागून तिवई घेऊन निवेदिता. जनी कमरेवर हात ठेवून वाट अडवून उभी.

"जनी, ह्ये पोरीचं भांडं तुझ्याकडं ठेव. म्हैनाभर कुनी हात लावाया नको. तू लावणार नायस, याची मला पक्की खात्री हाय."

जनीचे हात खाली आले.

"माझी खात्री? तुला?" ती वाटेतून बाजूला झाली. "शकू, इतक्या वर्सांत पयल्यांदा माज्याबद्दल चांगला शबुद काढलास."

मावशीच्या जिभेवर खुलासा अगदी टोकाशी आला होता. तिने तो गिळला, आणि जनीने चहा पुढे केला तेव्हा कपाच्या काठावरचा कालचा डाग न पुसता ती चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.