कचरू काकांचा डावा हात

सुई दिसली की माणूस बोलायला लागतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. एरवी घुम्यासारखा बसलेला गृहस्थ दंडाला रबराचा पट्टा बांधला रे बांधला की मुलाच्या लग्नापासून शेजाऱ्याच्या बोअरपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो! आपण फक्त "मूठ आवळा" आणि "मूठ सोडा" एवढंच म्हणायचं. त्यामुळे रक्त काढणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. आम्ही ट्रेनिंगच्या बॅचमधल्या मैत्रिणी अजून भेटतो, तेव्हा हसून हसून पोट दुखतं. मग कुणीतरी कचरू काकांचं नाव काढतं आणि सगळ्या आपापल्या चहाच्या कपात बघत बसतात.

आज तेच सांगायला बसले आहे.

*

कोर्सचं नाव चांगलं लांबलचक होतं. पेशंट केअर टेक्निशियन, रक्तसंकलन आणि ईसीजी. आमच्या घरात त्याला सरळ "सुईचा कोर्स" म्हणायचे. आजोबा कचेरीत कारकून, बाबा बँकेत, आणि मी लोकांना टोचणार म्हटल्यावर आईचं तोंड एवढंसं झालं. "सुईच घ्यायची तर शिवणाची घे ना गं!" म्हणाली.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. जालना रोडवर एकामागून एक हॉस्पिटलं उभी राहत होती, शेंद्र्याला कंपन्या येत होत्या, आणि पावसाने मात्र लागोपाठ पाठ फिरवली होती. इमारती वर चालल्या होत्या आणि बोअरचं पाणी खाली. आमची इन्स्टिट्यूट सिडकोत, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. माहितीपत्रकावर सरावासाठीच्या रबरी हाताचा रंगीत फोटो होता, तो बघूनच मी फी भरली.

हात होता, नाही असं नाही. पण आमच्या जहागीरदार मॅडम तो कपाटात कुलूप लावून ठेवायच्या. का, तर वापरला की खराब होतो! तपासणीला कुणी येणार असलं की हात बाहेर यायचा, फडक्याने पुसला जायचा, टेबलावर मिरवायचा आणि संध्याकाळी परत आत. माझी मैत्रीण नाझिया एकदा न राहवून म्हणालीच, "मॅडम, हमारे से ज्यादा तो इस हात का खयाल रखते आप!"

मॅडम हसल्या, पण किल्ली काही दिली नाही.

*

मग सराव कुणावर? तर एकमेकांवर. आणि इथेच घोळ होता. बॅचमध्ये बहुतेक आम्ही मुली. हात काडीसारखे, त्यात पाण्याची बोंब, घरून निघताना अर्धी बाटली मिळाली तरी नशीब. पट्टा कितीही आवळा, शीर वर यायचं नावच घेत नसे. पुरुष दोनच. त्यातला एक चांगला गुबगुबीत, त्याची शीर शोधायची म्हणजे गादीत हरवलेली सुई शोधण्यातला प्रकार.

दुसरे कचरू काका.

चाळिशी ओलांडलेले, शेंद्र्याजवळच्या गावचे. थोडी शेती कंपन्यांच्या एरियात गेली, थोडी उरली, आणि काका एका कंपनीत ठेकेदाराकडे माल चढवायला-उतरवायला जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि सगळा वर्ग पुढे सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत अशी ठसठशीत शीर, पट्टाही लागू नये! नाझिया ओरडली, "अरे काका, ये हात है की हायवे!"

त्या दिवसापासून काकांचा डावा हात हा आमचा वर्ग झाला. मी आयुष्यातलं पहिलं रक्त काढलं ते त्याच हातातून. मी सुई घेऊन नुसती उभी होते आणि काका मलाच धीर देत होते, "टोच ताई. आपल्याला काय व्हत नाय." ट्यूबमध्ये रक्त आलं तेव्हा मी किंचाळले होते. काका माझ्याहून जास्त खूश झाले.

*

या वयात काका या कोर्सला का आले, हे आम्ही विचारलं होतं.

काकूंना शुगर. उपाशीपोटीचं रक्त द्यायला गावातून शहरात यावं लागायचं, तेही शेअर रिक्षात कोंबून. एकदा चिकलठाण्याजवळ काकू रिक्षातच चक्कर येऊन पडल्या. "तिला मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडंला बसलो ना ताई, तवाच ठरवलं," काका म्हणाले. "आपल्या फाट्यावर आपणच सेंटर टाकायचं. रक्त हितंच काढायचं, डबा शहरात पाठवायचा. माणसानं उपाशी कशाला फिरावं?"

फाट्यावरच्या भावाच्या दुकानात त्यांनी एक खोलीही बघून ठेवली होती. वर्गात मधल्या सुट्टीत विषय तोच. खुर्ची कुठे ठेवायची, पंखा कुठे लावायचा, आणि टोचल्यावर लगेच खायला बिस्किटं ठेवायची! हवं होतं ते फक्त सर्टिफिकेट.

*

पाण्याचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

नळाला पाणी यायच्या दिवशी अर्धा वर्ग गायब असायचा. मॅडम एकदा भयंकर चिडल्या. "तुमच्या हातात उद्या माणसांचे जीव असतील आणि तुम्ही हंडे भरत बसता? शिस्त म्हणून काही चीज आहे की नाही?" असं चांगलं रंगात आलेलं भाषण. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडमनी ऐकून घेतलं, पर्स उचलली.

"उरलेलं घरी वाचा," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्याही! त्यांच्या कॉलनीत पाणी आलं होतं.

हसलो खूप. पण त्या कोरड्या दिवसांनी पेशंटचे हातही कोरडे करून टाकले होते. जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलच्या ओपीडीत आमची ड्युटी लागायची तेव्हा टँकरच्या गावांहून माणसं यायची, हात हातात घेतला की सगळं सपाट. आम्ही काकांच्या हातावर शिकून गेलो होतो. भरलेली शीर बोटाखाली कशी लागते हे एकदा कळलं की लपलेलीही हळूहळू सापडते. काकांच्या बोटाला ते कळणार कसं? वर्गात चांगली शीर एकच होती, आणि ती त्यांची स्वतःची होती.

आम्ही आपले हात पुढे करायचो, नाही असं नाही. नाझियाने तर दोन्ही हात दिले होते, दोन्ही निळे झाले. काका तिसऱ्यांदा सुई उचलायचेच नाहीत. "जाऊ दे पोरी. तुला उगंच तरास."

*

त्या हाताची दशा काय झाली असेल! एकदा सिडको बसस्टँडवर एका पोलिसाने काकांना अडवलं. तिकिटासाठी हात वर केला तर कोपरापाशी डागच डाग, टोचल्याच्या खुणा.

"काय रे, किती दिवसांपासून टोचून घेतोस?"

"दिवाळीपासून, साहेब."

"कोण देतं?"

"पोरी टोचतात साहेब. रोज. मॅडमसमोर!"

पोलिसाने काकांना हाताला धरून थेट इन्स्टिट्यूटमध्ये आणलं. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, चहा पाजला. जाताना पोलीसदादा म्हणाला, "मॅडम, जरा हात बदलत जा."

तेवढंच एक आम्हाला शक्य नव्हतं.

*

ईसीजीत मात्र काका वाघ होते. फर्दापूरहून एक गाईड आले होते, आयुष्यभर पर्यटकांना लेणी आणि त्यातली चित्रं दाखवलेले. छातीला वायरी लावल्या, "हलू नका, बोलू नका" सांगितलं. गृहस्थ कसले गप्प बसतात! मशीन सुरू झालं की यांचं सुरू. कागदावर नुसती कंपनं. नाझियाने तीनदा कागद फाडला आणि शेवटी हात जोडले, "चाचा, दो मिनट लेणी बंद रखो!"

काका पुढे झाले. गाईडच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "दादा, समद्यात भारी चित्र कोणतं हाय? डोळे मिटून नुसतं बघा. मंग सांगा मला."

गाईडने डोळे मिटले आणि कागदावर रेघा स्पष्ट उमटल्या. त्यात हृदयाचा बिघाड दिसताच डॉक्टरांनी गाईडना तिथल्या तिथे अ‍ॅडमिट केलं. दोन दिवसांनी गाईडनी वॉर्डात काकांना बोलावून ते चित्र सांगितलं, सबंध तासभर.

ईसीजीच्या परीक्षेत काका पहिले आले. पण सर्टिफिकेट एकच होतं, दोन्हीत पास व्हावं लागायचं.

*

रक्त काढायची परीक्षा ऐन उन्हाळ्यात आली. बाहेरचे डॉक्टर परीक्षक. प्रत्येकाला एक पेशंट, आणि दोनदाच टोचायचं, तिसऱ्यांदा नाही, हा नियम. मला एक पहिलवान मिळाला. मी पास. नाझिया पास. तो गुबगुबीत मुलगाही पास.

काकांच्या वाट्याला एक आजी आल्या. टँकरच्या गावच्या. उपाशीपोटी म्हणजे पाणीही प्यायचं नाही, असं समजून सकाळपासून घोटभरही न घेतलेल्या. काकांनी पट्टा बांधला, बोटाने चाचपलं, हात खाली सोडून पाहिला, चोळून पाहिला. टोचलं. काही नाही. दुसऱ्या हाताला टोचलं. काही नाही. आजी म्हणाल्या, "घे लेकरा, अजून बघ. मला काय व्हत नाय." काकांनी कापसाचा बोळा दाबून धरला आणि मान हलवली.

"दोन झाले," परीक्षक म्हणाले. "पुढचा."

"सर, एक मिनिट द्या. सुई मला येती. शीर घावंना झालीय."

आणि आम्ही बघत असताना काका स्वतःच पेशंटच्या खुर्चीत बसले. डावी बाही वर केली. पट्ट्याचं एक टोक दातात धरून उजव्या हाताने दुसरं ओढलं, स्पिरिट लावलं आणि सुई अलगद आत घातली. ट्यूब भरली. पट्टा सोडला, सुई काढली, बोळा ठेवून कोपर दुमडलं. टेबलावर थेंब नाही. मग ट्यूबवर स्वतःचं नाव लिहून परीक्षकांसमोर धरली.

जहागीरदार मॅडमचे डोळे भरले होते.

परीक्षकांनी ट्यूब उजेडात धरून पाहिली. "उत्तम," म्हणाले. "पण स्वतःचं रक्त काढायला कुणी पगार देत नाही हो."

काका नापास झाले. मॅडमनी खूप रदबदली केली, पण नियम तो नियम. फेरपरीक्षेला बसले तेव्हाही उन्हाळाच होता. त्यानंतर मात्र ते बसले नाहीत. आमची ड्युटी लागायची त्याच हॉस्पिटलात व्हीलचेअर ढकलायला लागले. फाट्यावर आता कुणा दुसऱ्याचंच सेंटर आहे, एसी वगैरे लावलेलं. काकू त्याच सेंटरमध्ये जातात. मला याचं अजून वाईट वाटतं. आमच्यातल्या कुणाहीपेक्षा त्या माणसाला ते जास्त हवं होतं.

*

आता एवढं एकच सांगते.

मागच्या वर्षी आमच्या लॅबसाठी दोन-तीन मुली निवडायला मी इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. जागा नवी, वर्ग मोठा. दार लोटून आत गेले तर खुर्चीत कचरू काका! केस पांढरे, अंगात हॉस्पिटलचा युनिफॉर्म, डावी बाही वर. मॅडम दर नव्या बॅचला त्यांना हॉस्पिटलातून बोलावून घेतात, म्हणे.

समोर दौलताबादची एक मुलगी उभी होती. पहिलीच वेळ. सुई शिरेपाशी न्यायची आणि परत मागे घ्यायची.

"काका, चुकलं तर?"

"चुकत नाय बाळा. टोच बिनधास्त. आजवर ह्या हातावर एकबी माणूस नापास झालं नाय."

"खरंच?"

"व्हय. ह्या ताईला इचार. ही पण हितंच शिकली."

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काकाही माझ्याकडेच बघत होते.

"खरंय," मी म्हटलं. "एकही नाही."